पाण्याचं इंजिन, वाऱ्याचं इंजिन

आंबोलीचा घाट चढताना आमची जुनी अँबॅसिडर हमखास तापायची. बाबा बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, तोवर कुणाची तरी बुलेट फटफटत पुढं निघून जायची. "तिला पाणी लागत नाही, वारा पुरतो," असं बाबा म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांविषयी वाचायला घेतलं, तेव्हा तो घाट आठवला. वाद तिथंही हाच होता.

लँकेस्टर विमानाला चार मर्लिन इंजिनं असत. एकेका इंजिनात सहा-सहाच्या दोन रांगांत बारा सिलिंडर, म्हणजे इनलाइन घडण. ते समोरून अरुंद, त्यामुळं हवेचा अडथळा कमी. पण थंड ठेवायला द्रव लागे, आणि रेडिएटरला एक गोळी लागली की इंजिन गेलंच म्हणायचं. दुसरं इंजिन हर्क्युलिस, रेडियल घडणीचं. मधल्या दांड्याभोवती सात-सातच्या दोन कड्यांत चौदा सिलिंडर, वाऱ्यानंच थंड होणारे. अंगानं रुंद, पण मार सोसणारं.

मग चांगलं कुठलं? मर्लिन कमी पडतील या भीतीनं 300 लँकेस्टरना हर्क्युलिस बसवलं, तर ती विमानं तितकी उंच जाईनात. हॅलिफॅक्सचं मात्र नेमकं उलट झालं. मर्लिनवरची हॅलिफॅक्स इतकी पडू लागली, की फेब्रुवारी 1944 मध्ये लाइपझिगवरच्या हल्ल्यानंतर त्यांना जर्मनीवर धाडणंच थांबवलं. हर्क्युलिस बसवलेली हॅलिफॅक्स मात्र नावाजली गेली. आणि तेच हर्क्युलिस असूनही स्टर्लिंग खालूनच उडायची, कारण तिचे पंख आखूड होते. वरच्या आपल्याच विमानांतले बॉम्ब कधी कधी तिच्यावर पडत.

आपल्याकडं सुनेला चांगली-वाईट ठरवून मोकळे होतात, तिला घर कसं मिळालं ते कुणी बघत नाही. इंजिनाचंही तसंच आहे बघा.

पण हा हिशेब नुसता यंत्रांचा नव्हता. एका विमानात सात पोरं. जे विमान खाली राहील, ते तोफांना आणि रात्रीच्या लढाऊ विमानांना आधी सापडे. इंजिन निवडलं दुसऱ्यांनी, जीव गेले यांचे. ब्रिटिशांच्या बॉम्बर दलातले 55,573 जण परत आले नाहीत. आणि खाली हॅम्बुर्गमध्ये चुलीपाशी बसलेल्या बाईला वरचं इंजिन पाण्यावरचं की वाऱ्यावरचं, यानं काय फरक पडणार होता? विमान जितकं सरस, तितकं तिचं मरण जवळ.

म्हणून कुठलं इंजिन श्रेष्ठ, असं आता कुणी विचारलं तर मला उत्तर देववत नाही. बाबांना निदान घाटात थांबून पाणी ओतता यायचं. त्या पोरांना थांबायला जागा नव्हती, आणि त्या बाईला पळायला.