आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्सचे दर्शन आम्हांस घडले ते भर पावसात. दुओमोचा भव्य घुमट व पोन्ते वेक्यो हा प्राचीन पूल पाहून आम्ही शहराच्या पश्चिमेस, कास्चिने उद्यानाच्या टोकाशी गेलो. तेथे मुन्योने नदी आर्नोस मिळते. प्रवासी सहसा इकडे फिरकत नाहीत. मराठी माणसाने मात्र अवश्य यावे.

करवीरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून स्वदेशी परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच नगरीत निवर्तले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची प्रथा तेथे नव्हती. तथापि अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि या संगमावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाला. १८७४ साली तेथे स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा मँट यांचा, आतील अर्धपुतळा फुलर यांनी घडविलेला. जवळच १९७८ साली झालेला पूलही ‘इंडियानो’ याच नावाने ओळखला जातो.

परक्या पाहुण्याच्या अंत्यसंस्काराचा मान राखणाऱ्या या नगरीचे मोठेपण आम्हांस घुमटापेक्षा या छत्रीपाशी अधिक जाणवले. परप्रांती घर मांडलेल्या आपणां मंडळींस त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.