दिनकरराव राजवाडे : कायदेमंडळात आणि बडोद्यात

१८६१च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टाने व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात हिंदी माणसांना जागा झाली. जानेवारी १८६२मध्ये लॉर्ड कॅनिंगने तिघांना नेमलं : पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग, बनारसचे राजा देवनारायणसिंग आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे. तिघांत कारकुनीतून वर आलेले एकटे दिनकररावच. आमच्या बरखेड्यात आम्ही मराठी मंडळी ग्वाल्हेरला आपलंच मानतो, पण या दिवाणाचं नाव आमच्यातही क्वचितच निघतं.

जन्म २० डिसेंबर १८१९चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. पंधराव्या वर्षी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीत. दिवाणगिरी कुठे १८५१ची धरलेली दिसते, कुठे १८५२ची. खजिन्यात खडखडाट होता. त्यांनी जाचक कर उठवले, पगार कापले, त्यात स्वतःचाही. सत्तावनच्या उठावात, जून १८५८मध्ये, तात्या टोपे चालून आले तेव्हा शिंद्यांची फौज फिरली. दिनकरराव धन्याबरोबर आग्र्याच्या किल्ल्यात गेले, इंग्रजांच्याच बाजूने राहिले. दीड वर्षाने दिवाणगिरी सुटली.

ब्रिटानिका विश्वकोशाची १९११ची आवृत्ती त्यांची तोंडभरून स्तुती करते आणि जाता जाता सांगते, की त्यांनी इंग्रजी शिकायला घेतलं चाळिशीत आणि ते सफाईने कधीच बोलता आलं नाही. म्हणजे कायदेमंडळासाठी कलकत्त्याला गेले तेव्हा अभ्यास जेमतेम दोनेक वर्षांचा. शिवाय त्या कायद्यात सभासदाला प्रश्न विचारायची मुभा नव्हती. समोरच्या विधेयकापुरतंच बोलायचं. त्यांना तिथे बसवलं ते बोलण्यासाठी नव्हे, असं माझं मत.

ते खरे दिसतात ते १८७५मध्ये बडोद्यात. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घालायला लावल्याचा आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर होता. चौकशीला सहा जण : अध्यक्ष सर रिचर्ड कौच, मीड, मेलव्हिल हे इंग्रज; ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव हे हिंदी. तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला, तिघा हिंदी सभासदांनी मानला नाही. सत्तावनची निष्ठा पाहून सरकारने दिनकररावांना निवडलं असेल, तर तो हिशेब चुकला. सरकारनेही मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना एप्रिलमध्ये गादीवरून काढलं आणि मद्रासला धाडलं.

यावरून दिनकररावांना बंडखोर ठरवायची घाई नको. समाजसुधारणा त्यांना रुचत नसत, आणि काँग्रेस निघाल्यावरही ९ जानेवारी १८९६ला वारेपर्यंत ते तिच्या वाटेला गेले नाहीत.