वर्षफल आणि विनोद : आखाजीच्या मुलखातील एक परंपरा

येत्या वर्षाच्या भाकितांची थट्टा ही मराठीत प्रबोधनाची निष्पत्ती समजली जाते. इंग्रजी शिक्षणाने बुद्धिवाद आला, बुद्धिवादाने जोशी हास्यास्पद ठरला आणि त्यातून विनोदी वाङ्मय निपजले, अशी ही क्रमवारी आहे. खानदेश आणि त्याला लागून असलेला वऱ्हाडचा पट्टा यांचा विचार केला, तर ती अपुरी वाटू लागते.

मुळात वर्षफल हा रचनाबंधच सोंगाच्या जवळचा आहे. पंचांगातील संवत्सराला राजा असतो, मंत्री असतो, मेघांचा अधिपती असतो. संक्रांत कशावर बसून आली, काय नेसली, काय खाते आहे याचा तपशील दिलेला असतो. तिने जे जे धारण केले ते ते महागणार, असे मानले जाते. सहदेव-भाडळीच्या नावावरील पर्जन्यविचारालाही परंपरेने संवादाची चौकट दिली आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात जोश्याचे सोंग घेतले, ते या रचनाबंधातील नाट्य ओळखूनच. भाकिताचा साचा उसना घेऊन त्यातून भलतेच काही सांगण्याची युक्ती, म्हणजेच विडंबनाची मूळ क्रिया, इंग्रजी अमलापूर्वीच मराठीत रुळलेली होती.

खानदेशात कृषिवर्षाचा सांधा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येतो. सालदाराचे जुने साल या दिवशी संपते आणि नव्या सालाची बोली ठरते. पाऊस कसा पडेल हा प्रश्न येथे कुतूहलाचा राहत नाही; वर्षभराची मजुरी त्याच्याशी बांधलेली असते. याच सणाला माहेरवाशिणी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि बायकांचे दोन तट एकमेकींना गाण्यातून यथेच्छ शिव्याही देतात. धास्ती आणि थट्टा एकाच दिवशी एकाच अंगणात नांदतात, ही गोष्ट समीक्षेने योगायोग म्हणून सोडून देऊ नये.

याच तिथीला बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव (जामोद) तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांच्या घराण्यात चालत आलेली ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानली जाते. शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात. मध्ये चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर घागर आणि खाद्यपदार्थ ठेवतात. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा-सुपारी म्हणजे राजा व त्याची गादी. दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रीत काय हलले ते पाहून वर्ष सांगतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही. परंतु राज्यकर्त्याचे भवितव्य विड्याच्या सुपारीवर ठरविणाऱ्या या प्रतीकव्यवस्थेत सत्तेला स्वयंपाकघराच्या मापाने मोजण्याचा एक मिस्कीलपणा आहे, हेही खरे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच जळगाव (जामोद) येथे वकिली करीत होते. 1902 साली ‘साक्षीदार’ या लेखाने सुरू झालेले त्यांचे विनोदी लेखन 1910 मध्ये ग्रंथरूप झाले, तेव्हा ‘सुदाम्याचे पोहे’ला त्यांनी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असे जोडनाव दिले. तो वाक्प्रचार मराठीत सर्वत्र आहे. भेंडवळशी त्याचा संबंध जोडण्यास पुरावा नाही, तसा जोडण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की, रूढींची टर उडविणारा हा लेखक ‘भारतीय ज्योतिर्गणित’ (1913) या ग्रंथाचाही कर्ता होता. ज्याला ग्रहांचे गणित येते तो फलिताला हसतो, तेव्हा ते हसू आतल्या माणसाचे असते. कोल्हटकरांच्या विनोदाची परकीय उगमस्थाने शोधणाऱ्या समीक्षेने ही बाजू पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

तरीही सुदामा आणि बंडूनाना यांचे हसणे हे शेवटी सुशिक्षित मध्यमवर्गाचे हसणे आहे. पावसाशी ज्याचे पोट बांधलेले नाही, त्याला जोशी केवळ गंमतीचा विषय वाटू शकतो. याच्या पलीकडची भूमिका आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) कवितेत सापडते. त्यांच्या निधनानंतर 1952 साली प्रसिद्ध झालेल्या गाण्यांतील एका कवितेत विधवा शेतकरीण जोतिषाला दारातूनच परत पाठविते. हातावर धनरेषा आहेत, घरात धन नाही, ही विसंगती ती पुढे करते. विनोदाची ही सामग्री तिला उपहासासाठी नको आहे. भविष्य सांगून घेण्यास नकार देण्यासाठी ती तिचा उपयोग करते. या नकाराला इंग्रजी शिक्षणाचा आधार नाही. कष्टाच्या अनुभवाचा आहे.

म्हणून भाकितावरील हास्याचे मराठीत तीन प्रकार वेगळे करावे लागतात : भाकिताच्या रचनेतच वसलेले, त्याच्याकडे तटस्थतेने पाहणारे, आणि त्याला दारात थांबविणारे. प्रबोधनाच्या मापदंडाने यांतील दुसराच तेवढा दिसतो. उरलेले दोन अंधश्रद्धा किंवा लोकसाहित्य या कप्प्यांत टाकले, की ज्या शेतकरी समाजाने सर्वांत अनिश्चित वर्षे काढली त्याची विनोदबुद्धीच आपल्या वाङ्मयेतिहासातून वजा होते.