चित्रपटाचा शाळाप्रवेश

एखादी नवी करमणूक समाजांत रूढ झाली, कीं शाळेच्या दारीं ती प्रथम येते ती आरोपी म्हणून. इंग्लंडांत चित्रपटाचें असेंच झालें. १९१७ सालीं सार्वजनिक नीतीची काळजी वाहणाऱ्या एका संस्थेनें लंडनमध्यें चित्रपटांविषयीं चौकशी-मंडळ बसविलें. चित्रपट पाहून मुलें चोऱ्या करावयास शिकतात काय, काळोखांत बसून त्यांचे डोळे बिघडतात काय, असे प्रश्न या मंडळापुढें होते. पोलिस अधिकारी आले, शिक्षक आले. इतकेंच काय, शाळेंत जाणाऱ्या मुलांच्याही साक्षी झाल्या. बालगुन्ह्यांचें सारें खापर चित्रपटावर फोडण्यास पुरेसा आधार मंडळास दिसला नाहीं. परंतु मनांतील संशय अहवालानें थोडाच जातो!

पुढें राष्ट्रीय जीवनांतील चित्रपटाचें स्थान या विषयावर १९३२ सालीं एक अहवाल निघाला आणि त्याला अनुसरून १९३३ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. भूगोलाच्या तासाला नदी दाखवावी, शास्त्राच्या तासाला बीजाचें अंकुरण दाखवावें, अशा उपयोगांकडे तेव्हां शिक्षकांचें लक्ष अधिक होतें. चित्रपटाच्या साहाय्यानें शिकविणें निराळें आणि चित्रपटच अभ्यासास घेणें निराळें, हा भेद उमगावयास आणखी काळ जावा लागला.

त्याच १९३३ सालीं केंब्रिजचे समीक्षक एफ्. आर्. लीव्हिस आणि शिक्षक डेनिस थॉम्प्सन यांनीं ‘कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. वर्तमानपत्रांतील जाहिरात वर्गांत घ्यावी, तिचा शब्द न् शब्द तपासावा आणि मुलांना तिच्या मोहापासून सावध करावें, असा त्यांचा मार्ग. देवीची लस टोंचावी, त्यांतलाच हा प्रकार! लीव्हिसपंथीयांना चित्रपटाचें प्रेम मुळींच नव्हतें. तथापि क्षुद्र गणलेली जाहिरात कवितेइतक्याच बारकाईनें वाचण्याचा पाठ त्यांनीं घालून दिला, हें ऋण नाकारतां येणार नाहीं.

१९५० सालीं मुलें आणि चित्रपटगृहें यांविषयीं व्हीअर समितीचा सरकारी अहवाल बाहेर पडला. मुलांना मज्जाव असावा अशा चित्रपटांचा निराळा वर्ग करण्याची शिफारस त्यांत होती, आणि पुढल्याच वर्षीं ‘एक्स’ प्रमाणपत्र सुरू झालें. त्याच १९५० सालीं चित्रपट शिकविणाऱ्या मूठभर शिक्षकांनीं आपला संघ काढला. १९५९ सालीं संघाच्या नांवांत टेलिव्हिजनचीही भर पडली. या शिक्षकांची मुख्य अडचण वेळेची होती. दीड तासाचा चित्रपट शाळेच्या एका तासांत बसवावयाचा कसा? फिल्म इन्स्टिट्यूटकडून गाजलेल्या चित्रपटांतील निवडक प्रसंगांचीं रिळें भाड्यानें मिळत. खिडक्यांना पडदे लावून काळोख करावयाचा, प्रसंग दाखवावयाचा, आणि मग विचारावयाचें : कॅमेरा येथें इतका जवळ कां आणला? हीं दोन चित्रें लागोपाठ जोडल्यानें कोणता अर्थ निघाला? उत्तरें देण्यास पाठांतर कामीं येत नसे, आणि म्हणून शेवटच्या बांकावरील मुलगाही बोलूं लागे.

या शेवटच्या बांकाचीच पुढें पंचाईत झाली. १९४४ च्या शिक्षण-कायद्यानंतर बहुतेक ठिकाणीं मुलांची अकराव्या वर्षींच वांटणी होई. हुषार ठरलेलीं मुलें ग्रामर स्कूलकडे जात, उरलेलीं बहुसंख्य मुलें सेकंडरी मॉडर्न शाळांकडे. १९६३ सालीं न्यूसम समितीचा ‘हाफ अवर फ्यूचर’ हा अहवाल आला. चित्रपट व टेलिव्हिजन यांचा स्वतंत्र अभ्यास शाळांत व्हावा, असें त्यांत निःसंदिग्धपणें सांगितलें होतें. शिफारस मोठी खरी. परंतु ती कोणासाठीं? समितीपुढें विषयच होता तो १३ ते १६ वयाच्या, बुद्धीनें मध्यम किंवा त्याहून कमी मानलेल्या मुलांचा. एकानें शेक्सपिअर वाचावा आणि दुसऱ्यानें चित्रपट पाहावा, असा सोयीस्कर अर्थ लावणें पुष्कळांना सोपें गेलें. विषयाला पंगतींत जागा मिळाली, पण अगदीं शेवटच्या पानावर.

या शाळांतून शिकविणाऱ्यांत स्टुअर्ट हॉल हे होते. जमैकांत जन्मलेले आणि ऑक्सफर्डला शिकलेले हे गृहस्थ दक्षिण लंडनमधील एका सेकंडरी मॉडर्न शाळेंत मुलांना शिकवीत. फिल्म इन्स्टिट्यूटचे शिक्षणाधिकारी पॅडी व्हॅनेल यांच्याबरोबर त्यांनीं १९६४ सालीं ‘द पॉप्युलर आर्ट्स’ हा ग्रंथ लिहिला. उच्च कला तेवढी चांगली आणि लोकप्रिय ती सारी वाईट, ही विभागणी त्यांनीं मानली नाहीं. लोकप्रिय कलेंतच सकस काय आणि निकस काय, हें पारखण्यास मुलांना शिकवावें, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या आवडीला तुच्छ लेखून त्याला कांहींच शिकवितां येत नाहीं, हें वर्गांत खडू झिजविणाऱ्यासच कळावें.

१९६५ पासून सुरू झालेल्या सी. एस्. ई. परीक्षेंत शिक्षकांस स्वतःचा अभ्यासक्रम आंखण्याची मुभा होती. त्या वाटेनें चित्रपटाचा विषय कित्येक शाळांत शिरला. १९८० सालीं लेन मास्टरमन यांच्या ‘टीचिंग अबाउट टेलिव्हिजन’ या पुस्तकानें प्रश्नच बदलला. कार्यक्रम चांगला कीं वाईट, यापेक्षां तो कोणी, कोणासाठीं आणि काय गाळून तयार केला, हें विचारा, असें त्यांचें म्हणणें. बातम्यांनाही त्यांनीं यांतून सूट दिली नाहीं. १९८२ सालीं पश्चिम जर्मनींतील ग्रुनवाल्ड येथें १९ देशांच्या प्रतिनिधींनीं युनेस्कोच्या परिषदेंत माध्यम-शिक्षणाचा जाहीरनामाच संमत केला.

१९८८ सालीं जी. सी. एस्. ई. ची पहिली परीक्षा झाली आणि हुषार व सामान्य अशा दोन परीक्षांचा भेद एकदांचा मिटला. विषयाची थट्टा मात्र संपली नाहीं; वर्तमानपत्रें त्यास ‘मिकी माउस’ विषय म्हणून हिणवीत राहिलीं. आपल्याच बातम्यांची चिरफाड शिकविणाऱ्या विषयावर वर्तमानपत्रांनीं रुष्ट व्हावें, यांत नवल तें काय? २०१७ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमांत चित्रपट-अभ्यासाच्या १०० पैकीं ७० गुण लेखी परीक्षेस आहेत. उरलेल्या ३० गुणांसाठीं विद्यार्थी एखाद्या चित्रपटाचा लहानसा भाग स्वतः तयार करतो किंवा त्याची पटकथा लिहितो, आणि त्यासोबत आपल्याच कृतीचें परीक्षणही त्याला लिहून द्यावें लागतें.