आधी अपडेट, मग इसार

आमच्या खामगावाकडे जुनं घेताना पारखायची शिस्त बैलबाजारातली. आजोबा बैलाचा ओठ वर करून दोनदाती, चारदाती की जुळलेला ते बघत. जीप आल्या तेव्हा काका डिपस्टिकवरच्या तेलाचा रंग बघत, सायलेन्सरचा धूर बघत आणि मग गाडी बोथ्याच्या घाटात चढवत. घाट खोटं बोलत नाही, हा त्यांचा विश्वास. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतर मालकी बदलाचे नमुना २९ नि ३० आले. गाडी आमच्या एमएच-२८ची नसेल तर नमुना २८चा ना-हरकत दाखलाही.

२०२०च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. आता तशा जुन्या विजेच्या गाड्या इकडेही दिसतात. इथे ना तेल, ना धूर. प्रत्येक सेलचं व्होल्टेज नि तापमान सॉफ्टवेअर सांभाळतं. पडद्यावरचा उरलेल्या चार्जचा आकडाही त्याचाच अंदाज. या सॉफ्टवेअरचे काही अपडेट मोबाईल नेटवर्कवरून उतरतात, काही सर्व्हिस सेंटरात यंत्र जोडूनच होतात. त्या वेळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी धड हवी, नाहीतर काम मधेच अडकतं. मोठ्या बॅटरीच्या कौतुकात या बिचारीकडे कोणी बघत नाही.

मी विकणाऱ्याला सरळ सांगतो, "भाऊ, आधी अपडेट, मग इसार." अ‍ॅपमधलं जुन्या मालकाचं खातंही माझ्यासमोर काढायला लावतो, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसायचं. नमुना ३०मध्ये यासाठी रकाना नाही, म्हणून सौदाचिठ्ठीवर दोन ओळी जास्तीच्या लिहून घेतो.