आकडेमोडीचा वर्धक आवाजाकडे कसा परतला?

१/७
हेडफोनमधून स्वच्छ गाणे ऐकू येते, त्यामागे अनेकदा नखाएवढी एक चिप असते : ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, म्हणजेच ऑप-ॲम्प. हे नाव मिळाले आकडेमोडीमुळे. मूळ मात्र आवाजातच आहे. त्या प्रवासाचा हा धागा.

२/७
१९२० च्या दशकात अमेरिकेत दूरध्वनीच्या लांब तारांवर ठरावीक अंतराने वर्धक बसवावे लागत. प्रत्येक वर्धक आवाजात थोडी विकृती मिसळी. मैलोगणिक ती साचत जाई आणि अखेर बोलणेच कळेनासे होई.

३/७
२ ऑगस्ट १९२७. बेल लॅब्जचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरील फेरीबोटीने कामावर निघाले होते. वाटेत उत्तर सुचले आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी ते मांडले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा. वर्धन घटते, पण विकृतीही घटते. हाच निगेटिव्ह फीडबॅक. कष्टाने मिळवलेले वर्धन उधळणारी ही कल्पना उफराटी भासली. पेटंट हाती यायला १९३७ उजाडले.

४/७
याच तत्त्वावर बेरीज-वजाबाकी करणारे वर्धक ॲनालॉग गणकयंत्रांत आले. १९४७ मध्ये जॉन रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या लेखाने त्यांना ‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ हे नाव दिले. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागार यांची ७४१ ही चिप आली आणि ऑप-ॲम्प घरोघरच्या छंदिष्टांपर्यंत पोहोचला.

५/७
मात्र गणिताला विद्युतदाब पुरतो. स्पीकरला प्रवाह लागतो. ८ ओहमच्या स्पीकरला १ वॉट द्यायचा, तर प्रवाहाचे शिखर अर्धा अँपिअर गाठते. ७४१ ची मजल जेमतेम २५ मिलिअँपिअर, म्हणजे त्या स्पीकरवर अवघे अडीच मिलिवॉट!

६/७
तेवढाच प्रवाह ३२ ओहमच्या हेडफोनला १० मिलिवॉट देतो, आणि कानाला ते पुष्कळ झाले. पुढे ५५३२ सारख्या कमी खरखरीच्या, अधिक चपळ चिपा आल्या आणि ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरमध्येही स्थिरावल्या.

७/७
स्पीकरसाठी तोडगा निघाला तो असा : ऑप-ॲम्पच्या पुढे दोन दणकट ट्रान्झिस्टर जोडायचे आणि फीडबॅक त्यांच्याही पलीकडून, थेट स्पीकरच्या टोकापासून घ्यायचा. भार ट्रान्झिस्टर वाहतात. त्यांच्या चुका ऑप-ॲम्प सुधारतो. स्पीकरकडून मागे येणारी ती तार म्हणजे फेरीबोटीत वर्तमानपत्रावर ओढलेलीच रेघ होय.