अमेरिकन मोटारीचे मोल

रायपूरहून दक्षिणेकडे जगदलपूरला जाणारा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरांचा आहे. धमतरीपर्यंत तो सपाट धानाच्या शेतांतून जातो, कांकेरच्या पुढे केशकालचा घाट चढतो आणि मग बस्तरच्या पठारावर पोहोचतो. धमतरीपर्यंत एके काळी अरुंद मापाची आगगाडी होती. पुढे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बस्तरात लोहमार्ग नव्हता. ज्याला या वाटेने वारंवार जायचे असे, त्याला घोडा, बैलगाडी किंवा मोटार यांतूनच निवड करावी लागे. अमेरिकन मोटार छत्तीसगडात का रुजली, याचा उलगडा या रस्त्यावर होतो. आज तिची किंमत ठरवायला बसणाऱ्यानेही आरंभ येथूनच करावा, कारण ही मोटार येथे आली ती उपयोगासाठी. शोभेची वस्तू ती पुष्कळ नंतर झाली.

इंग्लंडात मोटारीवरील कर इंजिनाच्या सिलिंडरांच्या व्यासावरून आकारला जाई. त्यामुळे तेथील कारखानदारांनी लहान इंजिनाच्या, हलक्या मोटारी केल्या. त्या लंडनच्या गुळगुळीत रस्त्यांना शोभत. पावसाळ्यानंतरच्या मुरमाड वाटेवर त्यांचे हाल होत. अमेरिकेतील शेतकऱ्याची वाट मात्र आपल्या वाटेसारखीच होती. म्हणून फोर्डने आणि पुढे शेव्हरोलेने जमिनीपासून उंच, दणकट आणि मोठ्या पण संथ इंजिनाच्या गाड्या बनवल्या. १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला मिळू लागली. १९२५ साली तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरवर आला. त्या वेळी एका डॉलरला सुमारे पावणेतीन रुपये पडत, म्हणजे कारखान्याच्या दारातील तिची किंमत सातशे-साडेसातशे रुपये झाली. तीवर जहाजाचे भाडे, जकात आणि विक्रेत्याचा नफा चढे, तरीही विलायती गाडीच्या मानाने ती परवडे. साम्राज्यातील देशांना सवलतीच्या जकातीने माल पाठवता यावा म्हणून फोर्डच्या गाड्या कॅनडातील कारखान्यातून उजव्या हाताचे सुकाणू लावून येत. हे उजव्या बाजूचे सुकाणू मूल्यमापनाच्या वेळी पुन्हा पुढे येणार आहे.

१९२६ साली फोर्ड कंपनीने हिंदुस्थानात आपली शाखा काढली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तेथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. १९२९ साली शेव्हरोलेने चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडरांची गाडी दिली. १९३२ साली फोर्डने व्ही-आठ इंजिन आणले. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी आणि रायपूर हे त्या प्रांताच्या पूर्वेकडील मोठे ठाणे. १८१८ साली ॲग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने छत्तीसगडचे मुख्य ठाणे भोसल्यांच्या रतनपूरहून रायपुरास हलवले होते, आणि १८८८च्या सुमारास नागपूरकडून आलेल्या लोहमार्गाने त्याचे महत्त्व आणखी वाढवले. १८९४ साली जबलपूरचे राजकुमार महाविद्यालय येथे आल्यावर भोवतालच्या संस्थानांचे कुमारही रायपुरातच वाढू लागले. बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, कवर्धा, सारंगड, सरगुजा, कोरिया अशी चौदा संस्थाने या मुलखात होती. त्यांचे राजे हैदराबाद-बडोद्याच्या तोडीचे धनवान नव्हते. रोल्स-रॉइसचे ताफे बाळगणे त्यांच्यातील बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ब्यूक, शेव्हरोले आणि फोर्ड मात्र आवाक्यात होत्या.

या मोटारींनी सगळेच भले केले असे म्हणता येणार नाही. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद आहे. हिंदुस्थानातील रानटी चित्त्यांच्या शेवटच्या नोंदींत तिची गणना होते. जंगलात रस्ता आणि रस्त्यावर मोटारीचा दिवा पोहोचल्याचा तोही एक परिणाम होता.

डिसेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांनी नागपुरास छत्तीसगडच्या राजांशी विलीनीकरणाचा करार केला आणि १ जानेवारी १९४८ पासून ही संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडात सामील झाली. त्याच सुमारास मुंबईत दुसरी एक गोष्ट आकार घेत होती. मोटारींचा कारखाना देशात निघावा म्हणून विश्वेश्वरय्यांनी योजना आखली होती, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तिला अनुकूलता दाखवली होती. पण महायुद्धाच्या काळात परक्या सरकारने तिला साथ दिली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ साली कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे आज ‘अमेरिकन’ म्हणून ओळखली जाणारी पुष्कळ गाडी कुर्ल्याच्या कामगारांच्या हातांनी जोडलेली आहे. किंमत करणाराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीवरील पत्र्याची पाटी काही वेळा डेट्रॉइटपेक्षा मुंबईची कथा अधिक सांगते.

पुढे चित्र पालटले. सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन एका डॉलरला ३.३१ रुपयांऐवजी ४.७६ रुपये पडू लागले. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, जे कारखाने केवळ परदेशी भाग जोडतात आणि येथे उत्पादन करण्यास तयार नाहीत, त्यांना हा धंदा करता येणार नाही. जनरल मोटर्सने आणि फोर्डने १९५४च्या सुमारास गाशा गुंडाळला. नवी अमेरिकन गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आणि जुनीची किंमत वाढली. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी वकिलातींनी वापरलेल्या गाड्या सरकारी व्यापार महामंडळामार्फत लिलावात निघत. जिला तिच्या मायदेशात कोणी ढुंकून पाहिले नसते, अशा गाडीवर येथे चढाओढीने बोल्या लागत. हे मोल गाडीच्या गुणाचे नव्हते, दुर्मिळतेचे होते. जून १९६६ मध्ये डॉलर साडेसात रुपयांवर गेल्यावर अस्सल सुटे भाग मागवणे आणखी महाग झाले. १९७१ साली राजांचे तनखे बंद झाले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. एका गॅलनला पंधरा मैलांच्या आतबाहेर चालणारी गाडी ठेवणे ही चैन झाली.

तेव्हा मालकांनी जो उपाय केला, तोच आज किमतीच्या मुळावर आला आहे. मद्रासची सिम्प्सन कंपनी पर्किन्स जातीची डिझेल इंजिने बनवत असे. मिस्त्र्यांनी शेव्हरोले, डॉज, प्लिमथ यांची पेट्रोल इंजिने काढून त्या जागी ही डिझेल इंजिने बसवली. काम कौशल्याचे होते. इंजिनाचे पाय नव्याने घडवावे लागत, गियरपेटी जुळवावी लागत असे, पुढचे स्प्रिंग वाढीव वजनाला पुरे पडतील असे करावे लागत. गाडी आवाज करी, थरथरे, पण रोज कामावर जाई. मुंबईत तर अशा गाड्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावल्या. त्या मालकाला दोष देणे सोपे आहे. पण डिझेल बसले नसते तर गाडी तेव्हाच मोडीत गेली असती, हेही तितकेच खरे. काढलेले मूळ इंजिन काही काळ अंगणात पडून राहिले आणि एक दिवस कबाडी ते वजनावर घेऊन गेला.

रायपुरात कबाडी या शब्दाला विशेष वजन आहे. १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. पुढे रायपूरच्या उरला, सिलतरा या औद्योगिक भागांत लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या. भट्टीला मोड लागते आणि मोडीला येथे गिऱ्हाईक कायम असते. १९५१ सालची चार दारांची शेव्हरोले भरते सुमारे दीड टन. म्हणून रायपुरात अशा प्रत्येक गाडीला एक तळाची किंमत नेहमीच असते: वजन गुणिले भंगाराचा भाव. ती कोणालाही क्षणात सांगता येते. अवघड असते ते तिच्या वरचे मोल सांगणे, आणि ज्या घरात ते सांगता येत नाही, त्या घरातील गाडी भट्टीत जाते.

हे वरचे मोल ठरवण्याचे शास्त्र अमेरिकेत वाढले. लॉस एंजेलिसचे मोटारविक्रेते लेस केली यांनी १९२६ साली जुन्या गाड्यांच्या भावांचे ‘ब्लू बुक’ छापले. ते रोजच्या वापरातील गाड्यांसाठी होते. संग्राहकांच्या गाड्यांसाठी निराळी मोजपट्टी पुढे रूढ झाली. तीत गाडीच्या अवस्थेला एक ते सहा असे क्रमांक देतात: एक म्हणजे निर्दोष, प्रदर्शनात मांडण्याजोगी, सहा म्हणजे केवळ सुट्या भागांसाठी उपयोगी. एकाच गाडीच्या पहिल्या आणि चौथ्या क्रमांकाच्या किमतींत अनेक पटींचे अंतर असते. आपली गाडी तिसऱ्या क्रमांकाची आहे असे बहुतेक मालकांना वाटते. ती बहुधा चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकाची असते. पाहणाराने बोनेटच्या चमकेकडे न पाहता दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ पाहावा. रायपूरच्या पावसाळ्याची ओल तेथेच मुरते, आणि पुट्टीखाली दडवलेला गंज लोहचुंबक लावताच कळतो, कारण पुट्टीला चुंबक धरत नाही. उन्हाळ्याचा मारा निराळा: खिडक्यांचे रबर कडक होते, सुकाणूच्या चाकाला भेगा पडतात, आतले कापड विरते.

त्यानंतर कागद. आपल्या नोंदणीपुस्तकात चासीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक लिहिलेले असतात. ते गाडीवरील क्रमांकांशी जुळले, तर मोलाचा मोठा प्रश्न सुटला. इंजिनाचा क्रमांक जुळला नाही, तर बदल केव्हा झाला आणि त्याची नोंद आहे काय, हे पाहावे लागते. संस्थानाच्या काळातील पावत्या, जुनी छायाचित्रे, पहिल्या मालकाचे नाव यांनी किंमत वाढते. मात्र ‘ही राजवाड्यातील गाडी’ या तोंडी वाक्याला कागदावाचून काही मोल देऊ नये. असे वाक्य फार गाड्यांबद्दल ऐकू येते.

मोठ्या आकड्यांनीही दिशाभूल होते. ऑगस्ट २०१८ मध्ये चित्रपटनट गॅरी कूपर यांची १९३५ सालची ड्यूसेनबर्ग अमेरिकेतील लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. त्या आखूड चासीच्या गाड्या दोनच बनल्या होत्या. दुसरी क्लार्क गेबल यांची. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीही लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून ड्यूसेनबर्गवर देखणा सांगाडा चढवून घेतला होता, आणि ती गाडी जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. परंतु शेव्हरोलेच्या चार दारांच्या गाड्या लाखांनी निघाल्या. त्यांची तुलना त्याच सालच्या, त्याच प्रकारच्या, त्याच अवस्थेतील गाडीशी करावी, आणि तीही मागितलेल्या किमतीशी नव्हे, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीशी. आपल्याकडे बहुतेक व्यवहार खाजगीत होतात, त्यामुळे आकडा कळतो तो कर्णोपकर्णी आणि फुगलेला.

अमेरिकेतील भाव रुपयांत बदलूनही काम भागत नाही. एक तर येथील गाडीचे सुकाणू उजवीकडे आणि तेथील गिऱ्हाइकाला ते डावीकडे हवे. दुसरे म्हणजे, सत्तरच्या दशकापर्यंत परदेशी व्यापाऱ्यांनी राजवाड्यांतून पुष्कळ गाड्या नेल्यावर सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीला आळा घातला, आणि १९५० पूर्वीच्या मोटारी परवान्यावाचून बाहेर नेण्यास बंदी राहिली. दोन बाजारांमध्ये भिंत उभी राहिली. या गाडीचे खरे गिऱ्हाईक येथेच, मुंबई, पुणे, इंदूर, कोलकाता येथील हौशी संग्राहकांतच शोधावे लागते. तो संग्राहक एक हिशेब आधी करतो: नीट झालेल्या गाडीला जी किंमत येईल, तीतून पत्र्याचे, रंगाचे, निकेलच्या मुलाम्याचे आणि परदेशातून येणाऱ्या भागांचे खर्च वजा करायचे, उरेल ते आजच्या स्थितीचे मोल. साध्या चार दारांच्या गाडीत ही वजाबाकी पुष्कळदा शून्याखाली जाते. म्हणूनच कमी हात लागलेली, मूळ रंग उडालेली पण पूर्ण असलेली गाडी चकाकणाऱ्या अर्धवट गाडीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने या हिशेबाला कायद्याची जोड दिली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, खाजगी वापराच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळू लागली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार. छत्तीसगडातील अशा गाडीच्या पाटीवर ‘सीजी’ नंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. रोजच्या कामासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच मुभा आहे. नियमाची अट अशी की चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. सत्तरच्या दशकात पोटासाठी डिझेल बसवलेली गाडी या अटीपाशी अडते. तिच्या मालकाला त्या सालचे, त्याच जातीचे पेट्रोल इंजिन शोधावे लागते, आणि तो शोध बहुधा कबाड्याच्या दुकानापासून सुरू होतो.